हिरव्या चहावर आमचा डोळा

सुरुवातीलाच एक खुलासा करून टाकतो. हिरव्या चहाशी माझं काडीचंही वैर नाही. त्याच्या चवीशी आहे, पण ती गोष्ट वेगळी. पालक धुऊन झाल्यावर पातेल्यात जे पाणी उरतं ते कोमट करून कुणी पाहुण्यापुढं ठेवलं, तर त्या पाहुण्याला जे वाटेल तेच मला पहिल्या घोटाला वाटलं. परंतु चवीवरून भांडणारा माणूस मी नव्हे. खाणावळीत अकरा वर्षं जेवलेल्या माणसाला तो अधिकारही नसतो. माझं भांडण आहे ते घरोघरी पाठ झालेल्या एका वाक्याशी: "डोळ्यांना चांगला असतो हं!"

"कोण म्हणतं?" असं विचारून पाहा. उत्तर ठरलेलं: "सगळे म्हणतात."

हे 'सगळे' नावाचे गृहस्थ मी गेली साठ वर्षं शोधतो आहे. बदाम खाल्ले की बुद्धी वाढते, हे आमच्या आईला त्यांनीच सांगितलं होतं. मी बदाम खाल्ले आणि मॅट्रिकला गणितात काठावर सुटलो. 'सगळे' निकालाच्या दिवशी फिरकले नाहीत. त्यांचं हे एक बरं असतं. सल्ला द्यायला येतात, परिणाम बघायला थांबत नाहीत.

तसं पुण्याचं आणि चहाचं नातं पहिल्यापासूनच नाजूक. १८९० सालच्या ऑक्टोबरात गावातली मातबर मंडळी पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानाला म्हणून गेली. तिथं पाद्र्यांनी चहा-बिस्किटं पुढं केली. कुणी घेतला, कुणी कप नुसता हाती धरला. डॉ. आनंदीबाईंचे यजमान गोपाळराव जोशी यांनी मंडळींची नावं वर्तमानपत्रात छापून आणली, आणि असा काही धुरळा उडाला की रानडे-टिळकांसारख्यांना प्रायश्चित्ताच्या भानगडीत पडावं लागलं. एक कप चहा पोटात गेला की धर्म बुडतो, असं तेव्हाच्या 'सगळ्यां'चं मत होतं. एक कप चहा पोटात गेला की डोळे तरतात, असं आताच्या 'सगळ्यां'चं मत आहे. एवढ्याशा कपावर एवढं ओझं टाकायची आपली खोड सव्वाशे वर्षांत तसूभरही कमी झालेली नाही.

मधल्या काळात चहा पुण्यात चांगला रुळला. कोपऱ्याकोपऱ्यावर अमृततुल्य झाली. पितळी पातेल्यात उकळणारं दूध, खलबत्त्यात ठेचलेलं आलं, वेलदोडा आणि हात सैल सोडून घातलेली साखर. हा चहा अमक्या अवयवाला चांगला, असं तिथल्या मालकानं मला कधी सांगितलं नाही. तो जिवाला चांगला असतो, एवढ्यावर गिऱ्हाईक खूष असे. दुकानाच्या नावातच काय ती अतिशयोक्ती, कपात नाही.

आमच्या घरात हिरवा चहा आणला सूनबाईनं. तिनं तो वजनासाठी आणला होता, आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती माझ्या थोरल्या भावाबद्दल. दादा आमच्याकडे रविवारी आला, त्यानं तो डबा हातात घेतला आणि न्यायाधीशाच्या सुरात म्हणाला, "आता तुझ्याकडेही आला का? मी दोन वर्षं घेतोय. डोळ्यांना चांगला असतो."

दादाचं वय बहात्तर. सगळी हयात सरकारी नोकरीत नकाशे काढण्यात गेली. केसाएवढ्या रेघा ओढणारा माणूस. डोळा हे त्याचं भांडवल, आणि त्याचा अभिमानही तेवढाच. पण हे भांडवल शेवटचं कधी मोजलं, असं विचारलं तर म्हणायचा, "मोजायचं काय त्यात? वाचता येतंय ना? शब्दकोडं सुटतंय ना?" चष्म्याचा नंबर काढून बारा वर्षं झालेली. त्याऐवजी रोज सकाळी एक कप आणि संध्याकाळी एक कप. कुणीतरी व्हॉट्सअ‍ॅपवर धाडलेला एक निरोप त्यानं वहीत उतरवून घेतला होता, तोही सुंदर, घोटीव अक्षरात. मोतीबिंदू, काचबिंदू आणि म्हातारपणी पडदा झिजणे, तिन्हींवर एकच उपाय. सत्यनारायणाच्या कथेतसुद्धा इतकी फळं एका प्रसादाला मिळत नाहीत.

मग गेल्या पावसाळ्याच्या तोंडाशी एक दिवस दादा अलका टॉकीजच्या चौकात उभा होता. वारा सुटला आणि उजव्या डोळ्यात धुळीचा कण गेला. त्यानं उजवा डोळा मिटून रुमालानं चोळला आणि डाव्या डोळ्यानं समोर पाहत एक पाऊल पुढं टाकलं. मागच्या पोरानं सदरा धरून ओढलं म्हणून बरं. डाव्या अंगानं आलेली बस हातभर अंतरावरून गेली. दादा सांगतो, "अरे, बस नव्हतीच. आवाज होता, बस नव्हती." घरी येऊन त्यानं एकेक डोळा झाकून कॅलेंडरकडं पाहिलं. डाव्या डोळ्याला फक्त मधली चार तारखांची चौकट दिसत होती. बाकी महिना गायब.

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई आमच्या सुनेच्या वयाच्या. त्यांनी तपासलं, यंत्रावर तपासलं, पुन्हा तपासलं आणि म्हणाल्या, "काका, काचबिंदू आहे. डावा डोळा बराच गेलाय, उजव्यालाही सुरुवात आहे. शेवटची तपासणी कधी केली होती?"

दादा म्हणाला, "तपासणी नाही केली. पण दोन वर्षं हिरवा चहा घेतोय. नियमित."

बाई काही बोलल्या नाहीत. त्या हसल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी नुसतं कागदावर लिहिलं. मी बाजूच्या खुर्चीत बसलो होतो, आणि त्या लिहिण्याचा आवाज मला अजून ऐकू येतो.

वाचकहो, इथून पुढं मी थोडा मास्तरकी करणार आहे. कंटाळा आला तर चहा मागवा, रंग कुठलाही चालेल.

काचबिंदू हा मोतीबिंदूचा धाकटा भाऊ, असं आपल्याकडे समजतात. नावं जुळतात, एवढंच. मोतीबिंदूत डोळ्यातलं भिंग गढूळ होतं. ते काढून दुसरं बसवलं की माणूस दुसऱ्या दिवशी सुनेच्या साडीचा रंग सांगतो. काचबिंदूचं तसं नाही. डोळ्याच्या आत एक पाणी सारखं तयार होतं आणि बारीक जाळीतून सारखं वाहून जातं. मोरी तुंबावी तशी ही जाळी तुंबली, की बहुधा आतला दाब वाढतो आणि मेंदूकडं जाणारी नस हळूहळू सुकते. दुखत नाही, खुपत नाही. सुरुवात कडेपासून, म्हणून शब्दकोडं शेवटपर्यंत सुटतं. एका डोळ्याची तूट दुसरा डोळा भरून काढतो आणि उरलेलं मेंदू स्वतःच्या कल्पनेनं रंगवतो. गेलेली नस कुठल्याही औषधानं, शस्त्रक्रियेनं किंवा पेयानं परत येत नाही. उरलेली मात्र थेंब घालून, लेसरनं नाहीतर शस्त्रक्रियेनं राखता येते. सगळा खेळ वेळेवर कळण्याचा, आणि वेळेवर कळतं ते फक्त तपासणीत. दक्षिण भारतात घरोघरी जाऊन डोळे तपासले, तेव्हा काचबिंदू निघालेल्या दहांतल्या नऊंहून अधिक माणसांना आपल्याला तो आहे याचा पत्ताच नव्हता. दादा या बहुमतात होता.

आता चहाची बाजू. कोर्टात आरोपीला बोलू द्यावं लागतं, आणि इथं आरोपी तसा निर्दोषच आहे. हिरवा आणि आपला काळा हे एकाच झाडाच्या पोटचे सख्खे भाऊ. तोडलेलं पान हवेत ठेवून काळवंडू दिलं की काळा चहा होतो, लगेच उष्णता देऊन तिथंच थांबवलं की हिरवा राहतो. हिरव्यात कॅटेचिन नावाची द्रव्यं जास्त शाबूत राहतात. २०१० साली हाँगकाँगच्या चिनी विद्यापीठातल्या संशोधकांनी उंदरांना हिरव्या चहाचा अर्क पाजला, आणि ही द्रव्यं उंदरांच्या डोळ्यांत, अगदी आतल्या पडद्यापर्यंत पोचल्याचं दाखवलं. त्यांचा परिणाम वीस तासांपर्यंत टिकला. उत्तम काम आहे. संशोधकांबद्दल मला आदर आहे, उंदरांबद्दल सहानुभूती आहे. पण द्रव्य डोळ्यात पोचलं म्हणजे डोळा वाचला असं होत नाही. माझा भाचा रोज वेळेवर कॉलेजात पोचत असे. पदवी अजून पोचायची आहे.

दुसरा पुरावा २०१७ सालचा, अमेरिकेतल्या एका मोठ्या आरोग्य-पाहणीचा. रोज एक कप तरी गरम चहा पिणाऱ्यांत काचबिंदू असण्याची शक्यता ७४ टक्क्यांनी कमी आढळली. हा आकडा वहीत उतरवून घेणाऱ्यांनी खालचा मजकूरही उतरवावा. पाहणीत माणसं होती सोळाशे अठ्ठ्याहत्तर आणि त्यांत काचबिंदूवाली अवघी चौऱ्याऐंशी. त्यातली चहा पिणारी म्हणजे आणखी मूठभर. चहामुळे काचबिंदू टळला, की चहा पिणाऱ्यांच्या राहणीतल्या दुसऱ्याच कशामुळे, हे अशा पाहणीत कळत नाही. आणि खरी गंमत पुढंच आहे. चहा कुठला, कप केवढा, पान किती वेळ भिजवलं, यांची नोंदच नव्हती! म्हणजे हा पुरावा हिरव्या चहाइतकाच आमच्या अमृततुल्याच्या मालकालाही दुकानात टांगता येईल. तो टांगत नाही, हा त्याचा सज्जनपणा.

पुरावा कशाला म्हणतात, तेही सांगतो. अमेरिकेतच साडेतीन हजारांवर माणसांना गट पाडून सहा वर्षांहून अधिक काळ ठरावीक जीवनसत्त्वं आणि जस्त देऊन पाहिलं. २००१ साली निकाल आला. म्हातारपणी पडदा झिजण्याचा विकार ज्यांच्यात विशिष्ट टप्प्याला पोचला होता, त्यांच्यात तो बळावण्याचा धोका सुमारे २५ टक्क्यांनी कमी झाला. मोतीबिंदूवर उपयोग शून्य. एवढा खटाटोप केल्यावर एका विकाराच्या एका टप्प्यावर चार आणे फायदा. आणि आपण मात्र एका पुडीत तिन्ही विकार बांधून मोकळे.

यावर आमच्या कट्ट्यावरचे एक सद्‌गृहस्थ म्हणाले, "पण नैसर्गिक आहे ना!" मी म्हटलं, धोत्राही नैसर्गिक आहे. आणि त्याचा तर डोळ्यावर खात्रीनं परिणाम होतो, बाहुल्या विस्फारतात. तो का नाही उकळून घेत?

"आहाराचं महत्त्वच नाही असं म्हणायचंय का तुम्हाला?" हे दुसरे. मुळीच नाही. 'अ' जीवनसत्त्व पोटात गेलं नाही तर पोरांना रातांधळेपणा येतो, पुढं बुबुळ जातं. ते टाळण्यासाठी आपल्या सरकारनं १९७० सालापासून लहान मुलांना 'अ' जीवनसत्त्वाचे डोस पाजायला घेतले. तिथं उणीव होती आणि ती भरून काढली. पण ज्याचं पोट भरलेलं आहे त्यानं गाजरं खाऊन चष्मा सुटत नाही. एका खऱ्या गोष्टीच्या पुण्याईवर हजार थापा कशा जगतात, ते पाहायचं असेल तर आपल्या स्वयंपाकघरात यावं.

मग शेवटचं ब्रह्मास्त्र निघतं. "बरं, फायदा नसेल. पण अपाय तर नाही?"

याच वाक्यावर माझा खरा राग आहे. दिवसाला दोन कप चहानं अपाय होत नाही, हे कबूल. जेवणाबरोबर घेतला तर भाजी-आमटीतलं लोह अंगी कमी लागतं, तेवढं सांभाळावं. चहाचा अर्क भरलेल्या गोळ्या मिळतात, त्यांचं मात्र वेगळं आहे. त्यातलं मुख्य द्रव्य दिवसाला ८०० मिलिग्रॅम किंवा जास्त गेलं तर यकृताला त्रास झाल्याची लक्षणं दिसू शकतात, असं युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेनं २०१८ साली बजावलं आहे. पण दादाचा अपाय कपातल्या कशानंच केला नाही. त्या कपानं त्याला काहीतरी केल्याचं समाधान दिलं, आणि त्या समाधानात दोन वर्षं गेली. नस सुकत होती आणि आम्ही सगळे त्याच्या नियमितपणाचं कौतुक करत होतो. मीसुद्धा! वहिनीला मीच म्हणालो होतो, "दादा बघा, तब्येतीला किती जपतो."

आपण मध्यमवर्गीय माणसं तपासणीला का भितो, याचा मी विचार केला आहे. पैशाचं कारण खोटं. दादानं दोन वर्षांत चहाच्या डब्यांवर जेवढे घातले तेवढ्यात आमच्या अख्ख्या खानदानाचे डोळे तपासून झाले असते. खरं कारण असं, की डॉक्टर काहीतरी काढतील. चहाचा डबा काही काढत नाही. तो नुसता "छान, छान" म्हणतो. आपल्याला वैद्य नको असतो, भाट हवा असतो. तोही घरपोच.

त्या दिवशी निघताना डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "चहा आवडत असेल तर चालू ठेवा, काका. फक्त थेंबांच्या ऐवजी नको." मग माझ्याकडं वळून म्हणाल्या, "तुम्ही सख्खे भाऊ ना? हे घराण्यात असतं. तुम्हीही बसा."

मी म्हटलं, "मला स्वच्छ दिसतं."

"त्यांनाही दिसत होतं," बाई म्हणाल्या.

बसलो. हनुवटी इथं, कपाळ तिथं, हलू नका. निळा दिवा बुबुळाला टेकला. मग दिवाळीतल्या काजव्यांसारखे ठिपके दाखवणारं ते यंत्र. ठिपका दिसला की बटण दाबायचं. मी परीक्षेतली जुनी सवय काढली आणि दिसला नाही तरी दाबू लागलो. यंत्र पुण्यातलंच असावं. त्यानं कागदावर छापून दिलं की हा गृहस्थ उगाच बटण दाबतो. शेवटी बाहुली मोठी करणारे थेंब. बाहेर पडलो तर सगळा कर्वे रस्ता दिवाळीसारखा लखलखत होता आणि रिक्षाचा मीटर वाचता येत नव्हता. रिक्षावाल्यानं मागितले तेवढे दिले. तपासणीतला हाच काय तो खरा धोका.

साधारण दाब दहा ते एकवीसच्या आत असतो. माझा सव्वीस निघाला. नस अजून शाबूत आहे. बहिणीला नाशकाहून बोलावून घेतलं, ती सुटली. मला रात्रीचा एक थेंब लागला, दादाला दोन औषधं.

तेव्हा सर्व हिरव्या चहावाल्यांना माझी हात जोडून विनंती आहे. चहा खुशाल विका, खुशाल प्या. तरतरी येत असेल तर येऊ द्या. फक्त डब्यावर आमच्या पुण्याच्या रीतीची एक पाटी लावा: "या चहाने तोंड कडू होईल. चाळिशी उलटलेल्यांनी, मधुमेहींनी व ज्यांच्या घरात काचबिंदू आहे त्यांनी प्रथम डोळे तपासून यावे. चौकशी करू नये."

आता रोज रात्री नऊ वाजता दादाचा फोन येतो. "घातलास का?" "घातला. तू?" "घातला." एवढंच बोलणं. साठ वर्षांत आम्ही भावांनी रोज एकमेकांची चौकशी केल्याचं मला आठवत नाही.

रविवारी सकाळी आम्ही कमला नेहरू पार्कात जातो. मग अमृततुल्यात. दादा अजून घरून हिरवा पिऊन येतो. दोन वर्षांची सवय आहे, आणि मी त्यावर बोलत नाही. बाकावर मी नेहमी त्याच्या डाव्या हाताला बसायचो. लहानपणापासूनची जागा. आता तो मला हातानं धरून दुसऱ्या बाजूला बसवतो. म्हणतो, "इकडं बस. दिसतोस."